गादीवरचे पीच

माझ्या नवऱ्याला बोलतं करायचं असेल तर त्याच्या मागे दोन टनांचं घर जोडावं लागायचं. एरवी रूबेन दिवसाला वीसेक शब्द बोलायचा, आणि त्यातले निम्मे गाईंशी. पण जुलैत गव्हाची कापणी उरकली, पिकअपला ट्रेलर जोडला आणि गावाबाहेरची पाण्याची टाकी मागे पडली, की त्याला कंठ फुटायचा. लहानपणी त्याला चावलेला हंस, त्याच्या आईची जर्मन गाणी, ढग कोणते खरे आणि कोणते नुसते दिखाऊ, सगळं समोरच्या काचेकडे बघत बोलायचा. मी शेजारी बसून ऐकायची. लग्नाला बावीस वर्षं झाली होती तेव्हा, आणि नवऱ्याबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते बहुतेक त्या पिकअपमध्येच कळलेलं.

आम्ही पश्चिम कॅन्ससचे, गहू पिकवणारे. कापणीच्या दिवसांत मी अकरा माणसांना तीन वेळा जेवू घालत असे. पहाटे चारला पाव भट्टीत, रात्री दहाला शेवटचं भांडं. ते दिवस मी पुढच्या तीन आठवड्यांकडे डोळे लावून काढायची. ट्रेलर बावीस फुटी होता, पांढरा, पोटावर हिरवा पट्टा. पुढे टेबल आणि दोन बाकं, मधे चूल, मागे खिडकीखाली आमची गादी. दोनच ताटल्या, दोनच पेले. तिसरं कोणी जेवायला आलं तर त्यानं आपली ताटली आणावी, असा माझा नियम होता.

रूबेनसारखा ट्रेलर ओढणारा मी नंतर कधी पाहिला नाही, आणि मी पुष्कळ पाहिले. दर तासाला तो गाडी बाजूला घ्यायचा, उतरायचा आणि एकेका चाकाच्या मध्यावर हाताची मागची बाजू टेकवायचा, आई पोराचा ताप बघते तशी. घाट उतरताना इतर लोक ब्रेक दाबून दाबून जळका वास सोडत जायचे. रूबेन म्हणायचा, "ब्रेक हा पाहुणा आहे अल्विना, त्याला घरकामाला लावायचं नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं." आणि खरंच तसा, गुरगुरत, न घाबरता उतरायचा.

तंबू-ट्रेलरांच्या तळांवर संध्याकाळी एक करमणूक असे. नव्यानं आलेलं जोडपं ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावू लागलं की आधीचे लोक घडीच्या खुर्च्या बाहेर काढून बसत. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे हातवारे करत. "डावीकडे!" "कुणाच्या डावीकडे?" "माझ्या!" "तू आरशात उलटी दिसतेयस!" दहा मिनिटांत दोघं आईबापापर्यंत पोचत. आम्ही आलो की लोकांचा विरस व्हायचा. मी एकच हात वर करायची, रूबेन एका दमात ट्रेलर दोन झाडांच्या मधे नेऊन ठेवायचा. आयडाहोचे एक म्हातारेबुवा आपली खुर्ची मिटता मिटता म्हणाले होते, "काय हो, थोडं तरी भांडायचं! आम्ही जेवण लांबवलं तुमच्यासाठी."

परत येताना आम्ही कोलोरॅडोत पॅलिसेडला थांबायचो, पीचसाठी. हा गावचा रिवाज होता. ऑगस्टात ज्याचा ट्रेलर पश्चिमेला जाईल त्यानं चर्चच्या सगळ्या घरांसाठी पीच आणायचे. मग आठवडाभर गावात साखरेच्या पाकाचा वास, आणि हिवाळाभर तळघरात बरण्या. चौऱ्याहत्तर साली पाळी आमची होती. सव्वीस पेट्या.

त्या दिवशी रूबेन पेट्रोल भरायला पलीकडे गेला होता आणि पेट्या मी भरून घेतल्या. पीचला धक्का सोसत नाही, बोट लागलं तरी डाग पडतो. म्हणून मी सगळ्यात मऊ जागा निवडली. मागच्या गादीवर गोधडी पसरली आणि सव्वीसच्या सव्वीस पेट्या तिथं रचून घेतल्या, खिडकी किलकिली ठेवली, वारा लागावा म्हणून. पुढचं टेबल जेवायला मोकळं राहिलं. रूबेन आला, दारातून डोकावला.

"बापरे! आपण कुठं झोपायचं?"

"आज रात्री घरी. तुझ्या आईनं तुला कधी निजवलं नसेल एवढ्या मायेनं निजवलंय मी त्यांना."

तो हसला आणि दार लावलं.

डोंगर ओलांडून आम्ही डेन्व्हर मागे टाकलं. मला वाटलं पिकअप आज जरा हलकी चालतेय, नाक वर करून. मी तसं म्हटलंही. रूबेन म्हणाला, "घराचा वास आला असेल तिला." लायमनच्या पुढे एक लांब उतार आहे, तिथं आरशातले डोंगर संपतात आणि पुढे सगळं सपाट. दर वर्षी त्या उतारावर रूबेन म्हणायचा, "ओत कॉफी." म्हणजे अवघड संपलं, आता घर. त्या दिवशीही तो म्हणाला, आणि मी थर्मासचं झाकण उघडलं.

तेवढ्यात मागून एक मालट्रक वेगानं आमच्या बाजूनं पुढे गेला. त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर आधी बाहेर ढकलला गेला, मग आत ओढला गेला. एक झोका. दुसरा झोका त्याहून मोठा. तिसऱ्याला मी माझ्या खिडकीतून बाहेर बघितलं तर माझ्याच स्वयंपाकघराची खिडकी माझ्या शेजारून चालली होती. रूबेननं ब्रेकला पाय लावला नाही. अ‍ॅक्सलरेटरवरचा पाय उचलला, आणि डावा हात स्टिअरिंगच्या चाकाखालच्या एका छोट्या दांड्याकडे नेला. त्या दांड्यानं फक्त ट्रेलरची चाकं आवळली जातात. पुढचं मला नीट आठवत नाही. थांबलो तेव्हा आम्ही गवतात होतो, सरळ उभे, पण तोंड उलटं, डोंगरांकडे.

"हात दाखव," रूबेन म्हणाला. कॉफीनं माझं मनगट भाजलं होतं. त्यानं ते बघितलं, रुमाल ओला करून बांधला. मग उतरला आणि चारी चाकांना हाताची मागची बाजू लावून आला. मी ट्रेलरच्या मागे गेले. मागची काच फुटली होती आणि भिंतीच्या सांध्यातून पिवळा रस ठिबकत होता. आत सव्वीस पेट्यांचा एकच पीच झाला होता. दहा मिनिटांत त्या प्रांतातल्या झाडून सगळ्या गांधीलमाश्या आमच्याकडे आल्या.

गावात पोचल्यावर माझी मैत्रीण लिओटा बरण्या धुऊन वाटच बघत होती. तिनं ट्रेलरमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"रूबेन, अरे पीच सांगितले होते. मुरांबा नव्हता सांगितला."

झालं. त्या दिवसापासून रूबेन 'मुरांबेवाला' झाला. दुकानात, चर्चमध्ये, धान्याच्या कोठारावर. "काय मुरांबेवाले, साखर कमी पडली का?" आणि सगळ्यात जास्त कोण हसवायचं लोकांना? मी. चर्चच्या प्रत्येक जेवणाला कोणी ना कोणी म्हणायचं, "अल्विना, सांग ना पुन्हा," आणि मी बीरॉकची, कोबी-खिम्यानं भरलेल्या पावाची, ताटली बाजूला सारून सुरू करायची: "मी म्हणत होते, रूबेन, हळू! रूबेन, अरे हळू! पण ऐकेल तर तो रूबेन कसला!" मी असं काही म्हटलं नव्हतं. मी कॉफी ओतत होते. पण गोष्ट सांगताना ते वाक्य लागतं, म्हणून ते आलं, आणि हिवाळा संपेपर्यंत मला स्वतःलाच खरं वाटू लागलं. रूबेन समोर बसून कोबीचा बीरॉक खायचा आणि बारीक हसायचा.

त्या हिवाळ्यात त्यानं ट्रेलर दुरुस्त केला. नवी काच, नवा पत्रा, हिरवा पट्टा इतका सरळ की सांधा सापडू नये. मी मनात म्हटलं, ऑगस्टची तयारी चाललीय. मार्चमध्ये एका सकाळी लापशी खाता खाता तो म्हणाला, "ट्रेलर विकू या."

मला म्हणता आलं असतं, नको. म्हणता आलं असतं की तो गेला तर तू बोलशील कुठं आणि मी ऐकेन कुठं. पण इतके महिने मीच गावभर सांगितलं होतं की ह्याला गाडी हाकता येत नाही. आता कोणत्या तोंडानं अडवणार?

"विक," मी म्हटलं.

एप्रिलात जाहिरात वाचून एक बाई आल्या. साठीच्या, उंच, डोक्यावर पुरुषी टोपी, सलायनाहून आपली आपण पिकअप चालवत. मिस ऑगस्टा लूमिस. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि आता नकाशातलं सगळं बघायला निघाल्या होत्या, एकट्या. रूबेन ओट पेरायला लांबच्या शेतावर होता, दुपारशिवाय येणार नव्हता. लूमिसबाईंनी ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, मग सरळ उभ्या राहिल्या.

"जाहिरातीत तुम्ही लिहिलंय, 'एक अपघात झालेला.' असं लिहिणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. कोणी लिहिलं?"

"माझ्या नवऱ्यानं."

"हं. काटा कुठाय गावात? वजन बघितल्याशिवाय मी काही घेत नाही. नवरासुद्धा घेतला नाही." आणि स्वतःच्या विनोदाला न हसता त्या ट्रेलर जोडायला लागल्या. मी एक शब्द बोलायला गेले तर बोट वर केलं. "जोडताना माझ्याशी कोणी बोलायचं नाही. आकडा अडकला, खिळा घातला, साखळ्या लावल्या, तार जोडली. हं, आता बोला." अगदी रूबेनसारखं. तोही जोडताना मला घरात पाठवायचा.

आम्ही कोठारावर गेलो. तिथं धान्याचे ट्रक मोजायचा मोठा काटा आहे आणि काट्याच्या खोलीत ऑर्व्हिल बसतो, म्हणजे तेव्हा बसायचा. लूमिसबाईंनी ट्रेलर असा उभा केला की त्याची चाकं काट्याबाहेर आणि पिकअपमधून सोडवून फक्त पुढचा टेकायचा पाय काट्यावर.

"सगळा ट्रेलर किती जड हे नंतर," त्या मला म्हणाल्या. "आधी त्याचं नाक किती जड ते बघायचं. पिकअपच्या पाठीवर तेवढंच बसतं."

"चारशे ऐंशी पौंड," ऑर्व्हिल आतून ओरडला.

"उत्तम. असंच हवं. नाक हलकं असलं की ट्रेलर झोके खातो." लूमिसबाई जरा गोंधळल्या. "मग झोके का खाल्ले यानं? त्या दिवशी आत काय होतं?"

"पीच. सव्वीस पेट्या."

"कुठं ठेवल्या होत्या?"

"गादीवर. मागे. डाग पडू नये म्हणून."

लूमिसबाईंनी टोपी काढली. माझ्याकडे बघितलं, ट्रेलरच्या मागच्या खिडकीकडे बघितलं. ऑर्व्हिलला म्हणाल्या, "पन्नास पौंडी पोती आहेत का तुमच्याकडे? पेंडीची, कशाचीही. सव्वीस पेट्यांच्या वजनाला साधारण बारा लागतील."

ऑर्व्हिल दारात येऊन उभा राहिला. "पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

"अगं अल्विना, रूबेननं ऑक्टोबरात हेच केलं ना. बारा पोती घेतली, मागे गादीवर रचली, काटा बघितला. उतरवली, पुन्हा बघितला. चार वेळा! मी म्हटलं, काय रे, पोती निजवतोस काय? तर म्हणाला, एक शंका होती, फिटली. भिंतीवर आहेत बघ आकडे, मी पुसले नाहीत."

काट्याच्या खोलीच्या भिंतीवर शेतकरी पेन्सिलीनं आपापले आकडे लिहीत. रूबेनचं अक्षर मी कुठंही ओळखलं असतं, त्याचा चारचा आकडा उघड्या तोंडाचा. ४८०. त्याखाली १४०. पुन्हा ४८०. पुन्हा १४०. चारदा.

"ऑक्टोबर," मी म्हटलं.

"आणि म्हणाला, हे इथंच राहू दे, ऑर्व्हिल. म्हणून मी कुणाला बोललो नाही. आता तूच इथं उभी आहेस म्हणून. बोललो ते चुकलं का काही?"

लूमिसबाई समजावून सांगायला लागल्या होत्या, पण मला सांगावं लागलं नाही. माझ्या बापाची दोन चाकी गाडी होती. सात वर्षांची असताना मी तिच्यात मागे धान्याची पोती टाकली होती, तर गाडी उलाळ झाली, पुढच्या दांड्या वर आल्या आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणून त्याचे पाय जमिनीवरून सुटायला आले. बापानं कानाखाली एक दिली आणि म्हणाला, वजन पुढं, अल्विना, जनावराच्या जवळ. हे मला ठाऊक होतं. पण गादी, गोधडी आणि चूल असलेली वस्तू गाडीच असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिला घर समजून आवरत होते.

"एक सांगते," लूमिसबाई म्हणाल्या. "नाकावर एकशेचाळीस, मागे गादीवर पावणेसहाशे, उतार, वर मालट्रक. अशात शंभरातले नव्याण्णव घाबरून ब्रेक दाबतात आणि पालथे होतात. तुमच्या नवऱ्यानं पायाला आवरलं आणि हातानं ट्रेलर आवळला. तुम्ही आज इथं उभ्या आहात ते त्या हातामुळे."

मी मनगट चोळत होते. भाजल्याची खूण अजून होती.

"हा ट्रेलर मी घेत नाही," त्या म्हणाल्या.

"का? दोष तर नाही ना काही?"

"म्हणूनच. दोष असता तर मी घेऊन दुरुस्त केला असता. बिनदोषाची वस्तू माणूस विकायला काढतो तेव्हा त्याला आधी विचारावं, का विकतोस. ते विचारणं माझं काम नाही."

परत आल्यावर मी त्यांना एक विनंती केली. त्यांनी ट्रेलर आपल्या पिकअपमधून सोडवला आणि आमच्या पिकअपला जोडून दिला. जोडताना मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. जाताना म्हणाल्या, "ओटवाल्यांना माझा नमस्कार सांगा," आणि टोपी घालून निघून गेल्या.

रूबेन दुपारी आला तर अंगणात पिकअपला ट्रेलर जोडलेला आणि मी माझ्या जागेवर बसलेली. तो दाराशी थांबला.

"काय हे? विकला गेला नाही?"

"बस आत."

"जेवायचंय मला."

"बस म्हणते ना."

तो चाकामागे बसला. मातीचा वास येत होता त्याला. दोघंही काचेतून समोरच्या कोंबड्यांकडे बघत होतो.

"भिंतीवरचे आकडे बघून आले मी," मी म्हटलं.

घरात असतो तर तिथंच संपलं असतं. पण त्याचे हात चाकावर होते.

"ऑर्व्हिलच्या पोटात काही राहत नाही," तो म्हणाला.

"सहा महिने राहिलं की. सगळा हिवाळा, रूबेन! मी गावाला हसवतेय, मुरांबेवाला, मुरांबेवाला, आणि तू समोर बसून बीरॉक खातोयस! एकदा म्हणायचं होतंस, बाई, पेट्या तू भरल्यास."

"म्हणून काय झालं असतं?"

"मी गप्प बसले असते."

"तेच तर." त्यानं चाकावरून अंगठा फिरवला. "त्या दिवसानंतर आठवडाभर तू झोपेत दचकायचीस. मग तू ती गोष्ट सांगायला लागलीस. पहिल्यांदा लिओटाकडे सांगितलीस आणि सगळे हसले, तू पण हसलीस, आणि त्या रात्री नीट झोपलीस. मी म्हटलं, सांगू दे. मी काय, मुरांब्यानं माणूस मरत नाही. पण तुझ्या हातून झालं असं तुला कळलं असतं तर तू पुन्हा या सीटवर बसली नसतीस."

"मग विकायला का काढलास?"

एक कोंबडी पिकअपखालून गेली आणि दुसऱ्या बाजूनं निघाली.

"पेट्या तू भरल्यास. दार मी लावलं," तो म्हणाला. "डोकावलो, बघितलं, हसलो आणि लावलं. हाकणाऱ्यानं बघायचं असतं. तू हलकी चालतेय म्हणालीस, तेव्हाही मी हसण्यावारी नेलं. चाकांना हात लावत फिरतो दर तासाला आणि दोन टनांचं नाक वर आलेलं मला कळत नाही. शेजारी तू बसली होतीस, अल्विना. ज्याला एवढं दिसत नाही त्यानं ओढू नये."

त्याच्यासारख्या माणसाची एखादीला ओळख असेल तर तिला कळेल की त्याक्षणी मला त्याच्या पायाशी बसावंसं वाटलं. पण आमच्याकडे असं करत नाहीत.

"मला दोन गोष्टी दिसतात," मी म्हटलं. "एक, तू काटा केलास. अपघातानंतर लोक वाऱ्याला शिव्या देतात, मालट्रकला देतात, बायकोला देतात. तू बारा पोती चार वेळा चढवलीस आणि उतरवलीस. आणि दुसरी, इथून पुढे पेट्या मी वजनानं लावणार आणि दार आपण दोघांनी मिळून लावायचं. आता टाकीपर्यंत तरी चल. लूमिसबाईंनी एवढं जोडून दिलंय."

"कोण लूमिसबाई?"

"चल, सांगते."

तो उतरला, आकडा, खिळा, साखळ्या, तार, सगळं हातानं बघितलं, आणि आम्ही टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो. साडेचार मैल. येताना तो त्या हंसाचं पुन्हा बोलत होता. जेवण निवून गेलं होतं.

मे महिन्यात चर्चचं जेवण होतं. कोणीतरी म्हणालं, "अल्विना, मुरांब्याची सांग ना." मी उभी राहिले. एरवी बसून सांगायची. रूबेननं मान हलवली, नको म्हणून. मी सांगितली. गादी, गोधडी, सव्वीस पेट्या, काटा, भिंतीवरचे आकडे, आणि हेही की 'हळू, हळू' मी कधी म्हटलंच नव्हतं. हळूहळू सगळीकडचं हसू थांबलं. चमच्यांचा आवाज तेवढा राहिला.

मग लिओटा म्हणाली, "म्हणजे मुरांबा तू केलास तर!"

"हो. रूबेननं फक्त ढवळला. आणि तोही इतक्या बेतानं, की भांडं पालथं झालं नाही."

हसण्याचा एवढा मोठा आवाज त्या हॉलमध्ये मी पुन्हा ऐकला नाही. लिओटाचा नवरा, जो सगळ्यात जास्त चिडवायचा, तो उठून रूबेनकडे गेला आणि त्याच्या ताटलीत आपला बीरॉक ठेवून आला. आमच्याकडे क्षमा अशीच मागतात. रूबेनचे कान लाल झाले होते. तो बीरॉक त्यानं सगळा खाल्ला.

त्या ऑगस्टात पॅलिसेडला मी सव्वीसच पेट्या घेतल्या, एक कमी नाही. गोधडी गादीवरून काढली आणि खाली पसरली. चौदा पेट्या चाकांच्या वर, मधोमध. बारा पुढच्या टेबलाभोवती, बाकांवर. जेवायला जागा राहिली नाही, आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो. पीचच्या बागेच्या शेडमधल्या काट्यावर नाक मोजलं आणि आकडा मी माझ्या हातानं पिशवीवर लिहिला. रूबेननं दाराची कडी धरली, मी तिच्यावर हात ठेवला, आणि दार लावलं.

तो घाट पिकअप खालमानेनं चढली, ओझ्याच्या जनावरासारखी. डेन्व्हरपर्यंत रूबेन बोलत होता. लायमन जवळ आलं तसा गप्प झाला. उतार सुरू झाला. आरशात मागून एक मालट्रक मोठा मोठा होत आला. मी थर्मासला हात लावला नाही. ट्रक बाजूला आला, त्याचा वारा आला, ट्रेलर थोडा सरकला. रूबेनचा डावा हात चाकावरून सुटला, त्या दांड्याच्या दिशेनं वीतभर गेला.

ट्रेलरनं एकदा अंग झटकलं आणि आमच्या मागे मुकाट्यानं चालू लागला. मालट्रक पुढे निघून गेला. रूबेनचा हात तसाच हवेत होता. मग तो परत चाकावर आला.

आरशात शेवटचा डोंगर बुडाला.

"ओत कॉफी," रूबेन म्हणाला.

मनगटावरची ती खूण बघत मी अर्धाच पेला ओतला.